तृप्तीचं कॉमिक आणि माझा हेवा

मित्रांनो, मी एक जुना कॅरमबोर्ड आहे, आणि स्वभावानं जळका आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं तुम्हाला धक्का बसायला नको. पांढुर्ण्याला रघुनाथ गुरुजींच्या ओसरीत भिंतीला टेकून माझी तीस वर्षं गेली. एवढ्या वर्षांत मी कुणाकुणावर जळलो याची यादी केली तर गुरुजींच्या हजेरीपटाएवढी होईल.

मला घडवलं सावरगावच्या केशवराव सुतारांनी. जाम नदी ओलांडली की सावरगाव. मोहगावच्या कुणाच्या तरी दाराचं सागवान उरलं होतं, त्याची माझी चौकट झाली. प्लाय नागपूरहून आला. मधलं तांबडं वर्तुळ काढताना केशवरावांचा हात जरासा हलला, म्हणून ते आजही थोडं सावरगावकडे झुकलेलं आहे असं गुरुजी म्हणतात. चारी कोपऱ्यांच्या जाळ्या गुरुजींच्या पत्नी लीलाबाईंनी हिरव्या दोऱ्यानं विणल्या. लीलाबाई आता नाहीत. जाळ्या आहेत.

माझे सुगीचे दिवस तुम्ही पाहायला हवे होते. गुरुजी शाळेतून येत, केशवराव रंधा ठेवून पूल ओलांडून येत, चहा होई आणि डाव मांडला जाई. गल्लीतली पोरं चारी बाजूंनी वाकून बघत. एकदा सौंसरच्या शाळेत स्पर्धेसाठी मला जीपमधून नेलं होतं. तिथल्या सरांनी माझ्यावर बोटं फिरवून विचारलं, "इतका गुळगुळीत बोर्ड कोणी बनवला?" केशवराव नुसते मिशीत हसले. त्या दिवशी मी इतका फुगलो होतो की पावसाळ्यातही तेवढा फुगत नाही.

खेळ संपला की मला उचलून ठेवायचं काम केशवरावांचं. दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. माझं तोंड भिंतीकडे करून ते मला टेकवून ठेवत, म्हणजे माझ्या तोंडावर धूळ बसू नये. त्यांची ही सवय नीट लक्षात ठेवा, मित्रांनो, कारण सगळा घोळ तिथंच झाला.

घरात टीव्ही आला तेव्हा मी जळलो. मोबाइल आला तेव्हा तर जळून खाक झालो. पण दोघांचंही माझ्या दोन म्हाताऱ्यांपुढं काही चाललं नाही. टीव्हीसमोर गुरुजींना डुलकी लागे आणि मोबाइलवर केशवरावांचं बोट भलतीकडेच पडे. संध्याकाळचे साडेपाच वाजले की ते दोघं माझे आणि मी त्यांचा. केशवरावांचा मुलगा प्रभाकर नागपूरला नोकरीला आहे. "बाबा, आता इकडेच या," म्हणून तो दोन वर्षं मागं लागला होता. केशवराव त्याला फोनवर म्हणायचे, "येतो नं बापा, पण माह्या संध्याकाळच्या डावाचं काय?" हे वाक्य मी पुन्हा पुन्हा ऐकायचो आणि दर वेळी तेवढाच सुखावायचो.

मग गेल्या उन्हाळ्यात ते आलं.

गुरुजींची नात तृप्ती छिंदवाड्याला कॉलेजात शिकते. सुटीत घरी येताना तिनं एक खोकं आणलं. त्यात एक हिंदी कॉमिक होतं, 'धूमकेतु दस्ता' नावाचं, म्हणजे धूमकेतूंच्या तुकडीचं, आठ भागांचं. चकचकीत कागद, उघडलं की नव्या शाईचा वास. आणि रंग तर विचारूच नका! मी फिकट पिवळा, मधे तांबडं वर्तुळ आणि चार काळ्या रेघा. त्याच्या एकेका पानावर एवढे रंग की माझ्यासारखे दहा बोर्ड रंगवून उरतील.

गोष्ट अशी होती. लोहिता नावाचा तांबडा ग्रह, सौमी नावाचा निळा ग्रह, आणि दोघांच्या मधून वाहणारा धुळीचा पट्टा. त्या पट्ट्यात एक दीपतारा. तो ज्याच्या हातात, त्याचीच जहाजं सुखरूप पलीकडे जाणार. लोहिताकडून तारिणी नावाची पोरगी लढाऊ विमान उडवते, सौमीकडून ऋक्ष नावाचा पोरगा. आणि दोन्हीकडच्या दरबारांत कुणीतरी घरभेदी बसला आहे. तुकडी उडण्याआधीच तिची वाट शत्रूला कळते आणि पोरं हकनाक मरतात. तो घरभेदी कोण, हे आठव्या भागाशिवाय कळत नाही.

पहिला भाग तृप्तीनं सहज म्हणून दोघांना वाचून दाखवला. डाव अर्धा झाला होता, राणी अजून माझ्यावरच होती. केशवराव ऐकता ऐकता ताठ बसले.

"गुरुजी, हे तं आपली गोटमारच झाली! मधात नदी, नदीत झेंडा, अन् दोन्ही काठावर मानसं."

"हाव ना बे," गुरुजी म्हणाले. "लोहिता म्हंजे आपलं पांढुर्णा."

"मंग सौमी म्हंजे सावरगाव. मी सौमीकडून."

झालं! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे जामच्या दोन काठांवरून गोटमार होते, नदीत रोवलेल्या झेंड्यासाठी एकमेकांवर दगडफेक. पांढुर्णा या काठाला, सावरगाव त्या काठाला. नात्यागोत्याची माणसंसुद्धा तेवढ्या दिवसापुरती आपापल्या काठाला उभी राहतात. पण ते एका दिवसाचं, आणि झेंडा चंडीमातेच्या देवळात गेला की पुन्हा सगळे सोयरे. या दोघांनी ते दोन महिन्यांचं करून टाकलं.

दुसऱ्या दिवसापासून डाव मांडणं बंद. मला मांडलं जाई, पण कशासाठी? कॉमिक ठेवायला! केशवरावांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, चित्रातल्या लढाईत कोण कुठं आहे ते त्यांना समजेना. म्हणून तृप्तीनं माझ्या सोंगट्या घेतल्या. पांढऱ्या म्हणजे लोहिताची विमानं, काळ्या म्हणजे सौमीची, आणि राणी म्हणजे महामंत्र्याचं जहाज. तीस वर्षं ज्या सोंगट्या माझ्या अंगावरून घरंगळत जाळीत जात, त्या आता त्या कागदी पोरीच्या हुकमावर उभ्या राहू लागल्या. माझ्यावर पावडर पडेना, स्ट्रायकर डब्यातून निघेना. माझा नुसता चौरंग झाला. सत्यनारायणाच्या चौरंगावर निदान प्रसाद तरी असतो!

मला त्या पुस्तकाचा काय हेवा वाटला म्हणून सांगू. त्याचं पान उलटताना गुरुजी बोटाला थुंकी लावायचेसुद्धा नाहीत, डाग पडेल म्हणून. आणि माझ्यावर चहाच्या कपाची गोल खूण उमटली तर कुणी पुसलीही नाही.

पण मजा अशी की हळूहळू भांडणं व्हायला लागली, आणि मला बरं वाटायला लागलं.

"तुमचा महामंत्रीच गद्दार हाये, लिहून घ्या," केशवराव म्हणायचे.

"आमचा कायले? तुमचा सेनापती पाय, डोये कसे चोरून राहिला. सावरगावची खोडच हाये ते."

"कोनती खोड?"

"दगड मारून मांगच्या मांगं लपाची."

आधी हे हसत चाले. सहाव्या भागापर्यंत हसणं कमी झालं. सातव्यात सौमीची अख्खी तुकडी धुळीत फसून मेली, तेव्हा केशवराव चहा अर्धा टाकून उठले. दोन म्हातारी माणसं, एकमेकांच्या घरचं लग्न-मरण सांभाळलेली, नसलेल्या ग्रहांवरून घुश्श्यात! मी मनात म्हटलं, भांडा. भांडा आणि ते पुस्तक चुलीत घाला.

जूनच्या सुरुवातीला आठवा भाग वाचायची संध्याकाळ आली. तृप्ती कॉलेजच्या कामाला छिंदवाड्याला परत गेली होती. पुस्तक दोघांवर सोपवून गेली होती, "वाचून झालं की नीट ठेवा, हे मैत्रिणीचं आहे," असं बजावून. चार पानं झाली आणि लाइट गेली. आभाळही भरून आलं होतं, ओसरीत काळोखी झाली. गुरुजी मेणबत्ती आणायला आत गेले. केशवरावांनी चहा सांडू नये म्हणून पुस्तक उचलून भिंतीला टेकवून उभं केलं. मग सोंगट्या डब्यात भरल्या आणि सवयीप्रमाणे मला उचलून, तोंड भिंतीकडे करून, टेकवून ठेवलं. बरोबर त्या पुस्तकावर.

माझ्या चौकटीची कड बोटभर उंच आहे. भिंत आणि मी यांच्यामधे तेवढी पोकळी राहते. पातळ पुस्तक त्यात आख्खं मावलं, कुठल्याही बाजूनं दिसेना. केशवरावांना मोतीबिंदूमुळं आणि काळोखामुळं काही कळलं नाही. पाऊस यायच्या आत पूल ओलांडायचा म्हणून ते घाईनं निघून गेले.

मी आणि माझा वैरी, तोंडाला तोंड लावून. मला इतका आनंद झाला होता मित्रांनो, की खोटं कशाला बोलू. आता बस इथंच, म्हटलं त्याला.

दुसऱ्या दिवशी पुस्तकाची शोधाशोध झाली. फळीवर, खाटेखाली, रद्दीत. केशवराव आले तेव्हा गुरुजी दारातच उभे होते.

"केशवा, पुस्तक कुठी हाये?"

"मी त्या भितीपाशी ठेवलं व्हतं, गुरुजी."

"मंग पुस्तकाले पाय फुटले काय?"

"मले काय माहीत?"

"सौमीचा सेनापती गद्दार निंगाला असन शेवटी. तुले ते पाहवलं नसन. म्हून नेलं असशीन घरी."

आधी केशवरावांना वाटलं थट्टा चालली आहे. ते हसणारही होते. पण गुरुजींचा चेहरा शाळेतल्यासारखा झाला होता, आणि पुढचं वाक्य ते वर्गात चोरी पकडल्यासारखं बोलले.

"लोकाइची वस्तू हाये ते. नेलं असन तं सांगून दे. मी कोनाले नाई बोलनार."

केशवरावांनी ओसरीवर ठेवलेला पाय मागं घेतला. मग म्हणाले, "तीस वर्षं या घरचं पानी पेलो मी. माह्या हातानं तुमच्या घराची दारं लावली. अन् मी पुस्तक चोरू?"

ते गेले. वळून माझ्याकडंसुद्धा पाहिलं नाही.

पहिले चार दिवस मला वाटलं, येतील. गुरुजींनाही वाटत असणार, कारण साडेपाच वाजता ते ओसरीत येऊन बसत आणि पुलाकडच्या रस्त्याकडे पाहत नसल्यासारखं दाखवत. मग पाऊस लागला. केशवराव आले नाहीत. ज्या माणसानं मला घडवलं त्याच्यावर चोरीचा आळ होता, आणि चोरीचा माल माझ्या पोटाशी होता. मी हललो की तो सुटणार. पण मला हलवणार कोण? मला खाली कोण घेणार, तर जो माझ्यावर खेळणार तो. आणि खेळायला माणसं दोन लागतात.

एक गोष्ट मात्र कबूल करायलाच हवी. गुरुजींच्या सूनबाई, तृप्तीची आई गायत्री, एकदा ओसरी झाडत होत्या. त्यांचा झाडू माझ्या खालच्या कडेला लागला. तेव्हा मी जरा घसरलो असतो तर पुस्तकाचं टोक बाहेर दिसलं असतं. तेव्हा माझा राग ताजा होता. मी कड फरशीत घट्ट रोवून उभा राहिलो. गायत्रीबाई मला सरकवायला वाकल्या तर गुरुजी आतून ओरडले, "त्याले हात लावू नको! राहू दे तसाच." त्यांचा अहंकार आणि माझा हेवा, दोघांनी मिळून ते पुस्तक आणखी दोन महिने दाबून ठेवलं.

पावसाची ओल चढली. मी फुगलो, पुस्तकही फुगलं, आणि त्याचं मुखपृष्ठ माझ्या तोंडाला चिकटलं. ऋक्षाच्या विमानाचा निळा रंग माझ्यात उतरत होता. मला किळस येत होती आणि मी काही करू शकत नव्हतो.

पोळ्याच्या आदल्या दिवशी गायत्रीबाई बाजारातून आल्या. "मामाजी, बाजारात प्रभाकरभाऊ भेटले," त्या पिशवी खाली ठेवत म्हणाल्या. "केशवकाका नागपूरले जाऊन राहिले. परवा गोटमार झाली की तेरवा सकायी गाडी हाये. घराले कुलूप लावनार म्हने."

"वापस कधी येनार?" गुरुजींनी विचारलं.

"आता कायचे वापस येतात? डोयाचं आपरेशन बी तिकडंच. 'इथं आता काय हाये माह्यं,' असं म्हनले म्हने."

 ती रात्र गुरुजींनी आत कशी काढली मला माहीत नाही, मी बाहेर ओसरीत होतो. पण मी माझी सांगतो. जे वाक्य ऐकून मी सुखावत असे, ते आता कुणी म्हणणार नव्हतं. संध्याकाळचा डावच उरला नव्हता म्हणून माणूस गाव सोडून चालला होता. मी जिंकलो होतो, पुस्तक कोंडून ठेवलं होतं, आणि मला कुणी खेळत नव्हतं.

पोळ्याला तृप्ती घरी आली. दुपारी गुरुजींनी तिला हाक मारली.

"हा बोर्ड केशवाकडं पोचता करून दे. त्यानं बनवला, त्याचा त्याले. त्याच्यावालं काही ठेवाचं नाई आपल्याले घरात."

"आबाजी, असं काहून करता?"

"उचल म्हनलं नं."

तृप्तीनं मला दोन्ही हातांनी धरून भिंतीपासून ओढलं. पुस्तक खाली पडलं नाही. ते माझ्या तोंडाला तसंच चिकटून आलं, सगळ्या जगाला दिसेल असं.

 तृप्तीनं नखानं हळूहळू ते सोडवलं. मुखपृष्ठाचा तुकडा माझ्यावरच राहिला.

"त्या दिवशी लाइट गेली होती म्हणून आई सांगत होती," ती म्हणाली. "केशव आबाजी बोर्ड असाच ठेवतात नं रोज, भिंतीकडे तोंड करून. त्यांनी पुस्तक भिंतीपाशीच ठेवलं होतं. खरंच सांगत होते ते."

गुरुजी खाली बसले.  "मी त्याले गद्दार म्हनलो," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "चोर म्हनलो." आणि मग एकदम उठले. "उद्या गोटमार. पूल बंद राहीन. परवा तो जाते. आजच जा लागते. ऑटो बलाव."

पोळ्याची गर्दी होती. सजवलेले बैल तोरणाकडे निघाले होते आणि आमचा ऑटो त्यांच्यामधून मुंगीच्या पावलांनी. गुरुजींनी मला मांडीवर उभं धरलं होतं. 

केशवराव अंगणात खाटेवर बसले होते. शेजारी बांधलेली वळकटी, दोन पिशव्या. हत्यारांची पेटी त्यांनी कुणाला तरी देऊन टाकली असावी, ओट्यावर तिची जागा मोकळी होती. ऑटो थांबला तसं त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं.

गुरुजींनी मला खाटेला टेकवलं. पुस्तक पुढं केलं. पस्तीस वर्षं दुसऱ्यांना माफी मागायला लावलेली ती जीभ, तिला स्वतःला माफी मागता येईना.  मग त्यांनी भर अंगणात आपले दोन्ही कान धरले.

"अरे अरे, हे काय करून राहिले गुरुजी! लेकरं पाहून राहिले!" केशवरावांनी धडपडत उठून त्यांचे हात खाली ओढले.

"पाहू दे. बोर्डाच्या मांगं व्हतं ते. तूच बोर्ड ठेवला व्हता, अन् म्या तुले..."

"माह्याच हातानं दाबल्या गेलं काय?" केशवराव म्हणाले आणि मला चाचपू लागले. माझी कड, माझे कोपरे, लीलाबाईंच्या जाळ्या. निळ्या डागापाशी त्यांची बोटं थांबली. त्यांना तो दिसत नव्हता, खरखरीत लागत होता. "फुगला हा. ओल लागली याले. कोनी उन्हात नाई ठेवलं काय?"

एवढ्या सगळ्यात त्यांनी आधी माझी चौकशी केली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग मला खाटेवर आडवं ठेवलं गेलं. सोंगट्या सोबत आणल्याच नव्हत्या, डाव मांडायचा प्रश्न नव्हता. माझ्यावर पुस्तक ठेवलं. केशवरावांना आता अक्षर दिसत नव्हतं, म्हणून गुरुजी वाचू लागले आणि हिंदीत अडलं तिथं तृप्ती सांगू लागली. लोहिताचा महामंत्री आणि सौमीचा सेनापती दोघंही घरभेदी निघाले. दोघं एकाच जहाजावर एकाच ताटात जेवत होते आणि पोरांना धुळीत पाठवत होते. केशवराव मांडीवर थाप मारून म्हणाले, "घ्या! दोन्ही काठचे चोर!" आणि कितीतरी दिवसांनी गुरुजी खो-खो हसले.

पानं कमी होत चालली होती. पुस्तक माझ्या छातीवर होतं, मला प्रत्येक पान उलटताना कळत होतं. ते संपलं की गुरुजी उठणार, ऑटो पूल ओलांडणार, आणि परवा सकाळी या घराला कुलूप लागणार. मित्रांनो, ज्याचा मी जन्मात कुणाचा केला नसेल एवढा हेवा केला, त्याला अजून थोडी पानं असावीत असं मला त्या संध्याकाळी वाटलं.

पानं संपली. केशवराव नागपूरला गेले. जायचं ठरलं होतं, ऑपरेशनची तारीख मिळाली होती, प्रभाकरनं रजा काढली होती. आता ते महिन्यातून चार दिवस येतात, काळा चष्मा लावून, आणि गुरुजींकडेच उतरतात. त्या चार दिवसांत मी पुन्हा बोर्ड असतो. निळ्या डागावर स्ट्रायकर अडखळतो, मग दोघं माझ्या नावानं ओरडतात. केशवराव म्हणतात पॉलिश पेपरनं घासून काढू, गुरुजी घासू देत नाहीत. उरलेले सव्वीस दिवस मी भिंतीला असतो. रोजचा डाव मी माझ्या जळक्या स्वभावापायी चार दिवसांवर आणून ठेवला, हे मला कुणी सांगावं लागत नाही.

आणि माझा स्वभाव गेला म्हणता? छे! तृप्तीनं दिवाळीला नवं खोकं आणलंय, त्यात समुद्राखालची कुठली तरी लढाई आहे म्हणे. ऐकल्यापासून माझी चौकट कुरकुरते आहे.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तूंना वर्षातून दोनदा ऊन दाखवा, कुणी खेळायला नसेल तरी उचलून पुसा, एवढं तर मी मागणारच. पण त्याहून मोठं एक मागणं आहे. घरात काही हरवलं, तर माणसाचं नाव तोंडात आणण्याआधी आम्हाला एकदा हलवून बघा. आम्हाला बोलता येत नाही. आणि कधी कधी, खरं सांगतो, आम्हाला बोलायचं नसतं.